मीटरवर १२ व्होल्ट दिसतात, तरी गरम झाली की गाडी बंद का पडते?

उन्हाळा लागला की सोलापुरात ही तक्रार हमखास कानावर येते. गाडी सकाळी एका सेलमध्ये चालू होते, गावात फिरते, काही त्रास नाही. दुपारी लांब जाऊन आली, किंवा सात रस्त्याच्या सिग्नलला एसी लावून थांबली, की स्लो (पॅडल न दाबता इंजिन फिरतं तो वेग) वरखाली व्हायला लागतो, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो आणि गाडी बंद. सेल मारला तर स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की काही झालंच नव्हतं अशी चालू होते. गॅरेजला नेईपर्यंत थंड झालेली असते, त्यामुळे तिथे दोष दिसतच नाही.

माझ्या दाजींच्या गाडीला हा त्रास दोन उन्हाळे होता. २०११ चं मॉडेल, पेट्रोल, चार सिलिंडर, एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर. तेवढ्या काळात थ्रॉटल पोझिशन सेन्सर (टीपीएस, थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा) दोनदा बदलला, पेट्रोल पंप नवीन झाला, प्लग आणि कॉइल झाल्या, आणि शेवटी ‘ईसीएम गेलाय, बदलावा लागेल’ (ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर) इथपर्यंत गोष्ट आली. मे महिन्यात तुळजापूरहून परत येताना तामलवाडीच्या पुढे गाडी थांबली. मागच्या सीटवर दाजींच्या ऐंशी वर्षांच्या आई, बाहेर बेचाळीसचं ऊन, जवळपास झाड नाही. पाऊण तास त्या ओल्या पदराने तोंड पुसत बसून होत्या. ते ऐकल्यावर मी दाजींना म्हटलं, ईसीएमचे पैसे देऊ नका, एक रविवार गाडी माझ्याकडे ठेवा.

मी गाड्यांचा मेस्त्री नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. पण हा दोष ऐकताक्षणी मला ओळखीचा वाटला. मागाची मोटर कधीकधी नुसती ‘हं’ करून अडते. टेस्टर लावला तर तिन्ही फेजला दिवा लागतो, म्हणून माणूस मोटर उघडायला घेतो. खरं तर कॉन्टॅक्टरचा (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचा) एक पॉइंट जळलेला असतो. करंट वाहत नसताना तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो, मोटरने करंट ओढला की त्याच पॉइंटवर व्होल्टेज खाल्लं जातं. गाडीतही असंच असेल का, एवढंच मला बघायचं होतं.

मीटर खोटं बोलत नाही, पण त्याला कधी विचारलं ते महत्त्वाचं

चांगल्या डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो. म्हणजे १२ व्होल्ट मोजताना तो वायरमधून जेमतेम एक मायक्रोअँपिअर ओढतो. वायरच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या असल्या, तरी उरलेल्या एका तारेतून एवढा करंट आरामात जातो आणि मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट येतात. कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) काढून हातात धरला आणि त्यात प्रोब घालून ‘सप्लाय आहे’ म्हटलं, की ही चूक होते. कपलर जोडलेला, इंजिन चालू, करंट वाहतोय, अशा वेळी मोजलं तरच खरा आकडा मिळतो.

मीटरच्या बझरचंही (वायर सलग आहे का ते वाजून सांगणाऱ्या) तसंच आहे. तीस-चाळीस ओहम रोध असला तरी बहुतेक मीटर ‘पी’ करून वाजतात. पेट्रोल पंप पाच अँपिअर ओढतो असं धरा. वाटेत नुसता ०.४ ओहम रोध आला, तरी २ व्होल्ट तिथेच संपतात आणि पंपाला १४ ऐवजी १२ मिळतात. हा ०.४ ओहम मीटरच्या ओहम रेंजवर धरायला गेलात, तर मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ असतो. म्हणून रोध मोजत बसण्यापेक्षा करंट वाहत असताना त्या जोडणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्होल्टेज मोजायचं. मेस्त्री लोक याला ‘ड्रॉप काढणं’ म्हणतात. वायर चांगली असेल तर तिच्या दोन टोकांमध्ये जवळजवळ शून्य यायला हवं.

इंजेक्शनच्या गाडीत हे कार्बुरेटरपेक्षा जास्त का महत्त्वाचं, तेही सांगतो. सेन्सर जे काही सांगतात ते ० ते ५ व्होल्टच्या भाषेत सांगतात. ईसीएम ते वाचतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो. इंजेक्टरला प्लस कायम मिळत असतो, ईसीएम फक्त मायनस जोडतो आणि तोडतो. म्हणजे चारही इंजेक्टरचा करंट ईसीएममधून जाऊन त्याच्या अर्थ वायरने (मायनसकडे जाणाऱ्या) इंजिनच्या ब्लॉकवर उतरतो. ती एक वायर खराब झाली तर ईसीएमचा स्वतःचा ‘शून्य’च वर उचलला जातो.

हात घालण्याआधी

डिजिटल मीटरच वापरा. बल्बचा टेस्टर ईसीएमच्या वायरीला लावू नका, तो ओढतो तेवढा करंट आतल्या सर्किटला सोसत नाही. लाल प्रोब अँपिअरच्या भोकात राहिली नाही ना, ते दर वेळी बघा, नाहीतर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ‘अल्टरनेटर चेक’ करायची जुनी सवय इथे ईसीएम घालवते. ईसीएमचा कपलर चावी बंद असल्याशिवाय काढायचा नाही. पिवळ्या कपलरना हात लावायचा नाही, ते एअरबॅगचे असतात. आणि मागच्या सीटखाली पंपाचा कपलर मोजताना पेट्रोलचा वास येत असेल, तर आधी दारं उघडी टाका, ठिणगी उडेल असं काही करू नका.

प्रोब कपलरच्या पुढच्या तोंडातून घालू नका, आतली पीन पसरते आणि एक नवीन लूज कनेक्शन तयार होतं. मी शिंप्याकडच्या गोल डोक्याच्या बारीक टाचण्या वापरतो. कपलरच्या मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने रबरी सीलमधून टाचणी हळूच सरकवायची, पितळेला टेकली की मीटरवर आकडा येतो. वायरीचं कातडं कुठेही सोलायचं नाही.

थंड गाडीवरचे आकडे

रविवारी सकाळी सात वाजता सुरुवात केली. रात्रभर उभी असलेली बॅटरी १२.५ (पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ आली तर अर्धी समजा). सेल मारताना १०.३ पर्यंत उतरली, दहाच्या वर राहिली म्हणजे ठीक. चालू झाल्यावर १४.१. ते १३.८ ते १४.५ मध्ये असावं. मीटर एसी व्होल्टवर करून बॅटरीवर लावला तर ०.०३. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत गेलं असतं, तर अल्टरनेटरच्या डायोडवर संशय घेतला असता.

मग प्लसच्या बाजूचा ड्रॉप. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसला, काळी प्रोब इंजेक्टरच्या सप्लाय वायरीला टाचणीवर, इंजिन चालू, एसी आणि हेडलाइट लावलेले. ०.२१ आलं. बॅटरीपासून फ्यूज, मेन रिले, कपलर इतका प्रवास आहे, त्या मानाने चांगलं. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं असतं तर फ्यूज बॉक्स उघडून मेन रिले बघितला असता.

आता अर्थ. ईसीएमच्या कपलरमधली अर्थ पीन कोणती, ते सर्व्हिस मॅन्युअलच्या नकाशाशिवाय कळत नाही, आणि नकाशा माझ्याकडे नव्हता. पण सोपी वाट आहे. थ्रॉटल पोझिशन सेन्सरला तीन वायरी असतात. चावी ऑन करून मोजलं की एकीवर ५ व्होल्ट कायम असतात. दुसरीवर रेस दिली की आकडा वाढतो. उरलेली तिसरी सेन्सरची अर्थ. ही वायर ईसीएमच्या आत जाऊन त्याच्या शून्याला जोडलेली असते. म्हणजे लाल प्रोब या वायरीवर आणि काळी बॅटरीच्या मायनसला ठेवली, की ईसीएमचा शून्य बॅटरीच्या शून्यापेक्षा किती वर आहे ते थेट दिसतं. ०.१ च्या आत हवं. आमचं आलं ०.०९.

सगळं ठीक. गॅरेजमध्येही दोन वर्षं असेच आकडे येत असणार, त्यांचाही दोष म्हणता येणार नाही. दाजी म्हणाले, “बघा, तुम्हालापण काही सापडेना.” मी म्हटलं, दाजी, अजून गाडी आजारी पडलेली नाही.

दुपारी एक वाजता

कारखान्यातली उरलेली तीन मीटर दुहेरी वायर घेतली. एक टोक टीपीएसच्या अर्थवरच्या टाचणीला, एक बॅटरीच्या मायनसला. बॉनेटच्या कडेने, दाराच्या फटीतून आत, आणि मीटर भाच्याच्या मांडीवर. (प्लसच्या बाजूची वायर अशी आत आणायची असेल तर बॅटरीजवळच एक अँपिअरचा फ्यूज टाका. चेपली गेली तर वायर पेटू नये.) पंखा, बेल्ट आणि फिरणाऱ्या पुलीपासून वायर लांब बांधली आणि विजापूर रोडवरून निघालो. एसी चालू, काचा बंद.

भाचा दर मिनिटाला आकडा वाचत होता. “मामा, पॉइंट झीरो नऊ.” आसरा चौक ओलांडला, “पॉइंट एक दोन.” अर्धा तास गावातून फिरवली, मुद्दाम गर्दीतून. “पॉइंट तीन.” सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो, रेडिएटरचा पंखा सुरू झाला, टेंपरेचरचा काटा मध्याच्या जरा वर. “मामा, पॉइंट आठ झालं. एक झालं. एक पॉइंट एक.” आणि त्याच वेळी स्लो हलायला लागला, दिवा लुकलुकला. दोन वर्षं जे कोणाला दिसलं नव्हतं ते त्या पोराच्या मांडीवर आकड्यात दिसत होतं.

सिग्नल सुटल्यावर गाडी एका कडुनिंबाच्या सावलीला घेतली. बंद पडू नये म्हणून दाजींना हलकी रेस देत बसायला सांगितलं आणि बॉनेट उघडून भराभर मोजलं. टीपीएसची ५ व्होल्टची वायर, काळी प्रोब बॅटरीच्या मायनसला: ६.३. पाच व्होल्टची लाइन सहा दाखवते, हे शक्यच नाही. ईसीएमच्या आतला रेग्युलेटर पाचच व्होल्ट तयार करतो. मग काळी प्रोब बॅटरीवरून काढून सेन्सरच्या स्वतःच्या अर्थवर ठेवली: ५.०. सेन्सर ठीक, रेग्युलेटर ठीक, फक्त त्यांच्या पायाखालची जमीन १.३ व्होल्ट वर गेली होती.

टीपीएस दोनदा का बदलला गेला, तेही इथेच उलगडलं. बंद थ्रॉटलला सेन्सरने ०.५ च्या आसपास द्यायला हवं. काळी प्रोब बॅटरीवर ठेवून, गरम गाडीवर मोजलं तर ०.५ अधिक १.३, म्हणजे १.८ येणार. मेस्त्री म्हणणार सेन्सर गेला. नवा टाकला, तोपर्यंत गाडी थंड, आकडा ०.६, गिऱ्हाईक खूश. पुढच्या आठवड्यात परत तेच.

रेस सोडताच गाडी बंद पडली. भाच्याला सेल मारायला सांगितला, तीन सेकंद. टीपीएस अर्थ ते बॅटरी मायनस: २.६. बॅटरी स्टार्टरमुळे दहावर आलेली, त्यातले अडीच अर्थने खाल्ले, ईसीएमच्या वाट्याला साडेसात. एवढ्यावर तो धड जागा राहत नव्हता, स्पार्क आणि इंजेक्टर कुठून चालणार?

१.३ व्होल्ट नेमके कुठे संपत होते

ईसीएमची अर्थ या गाडीत थर्मोस्टॅटच्या घराजवळ इंजिनवर एका बोल्टने बसवली आहे. दोन काळ्या वायरी, दोन्ही एकाच लगमध्ये (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीत) दाबलेल्या. बोल्ट चकचकीत होता, गॅरेजमध्ये कोणीतरी आधीच पॉलिश पेपर मारून कसला होता. पाना लावून बघितला, जरासुद्धा हलला नाही.

म्हणून एका जागी न मोजता टप्प्याटप्प्याने मोजलं. सेल मारत असताना लाल प्रोब लगच्या पितळेवर, काळी बॅटरीच्या मायनसला: ०.२. स्टार्टर एवढा करंट ओढत असताना इंजिन ते बॅटरी ०.२ चालतं. मग लाल प्रोब टीपीएस अर्थच्या टाचणीवरच ठेवली आणि काळी लगच्या पितळेवर: २.४. म्हणजे बोल्ट नाही, ब्लॉक नाही, बॅटरीची मायनस केबलही नाही. दोष लग आणि ईसीएम यांच्यात. लगच्या मानेपासून जेमतेम एक सेंटिमीटर मागे वायरीत टाचणी टोचली (हा एकच अपवाद, नंतर ती जागा कापूनच टाकायची होती), तिथून लगपर्यंत: २.३.

चावी बंद केली, बॅटरीची मायनस काढली आणि लगवरची काळी बाही ब्लेडने उभी चिरली. आत तांबं दिसलंच नाही. हिरवट पांढरी पूड होती, मोरचुदासारखी, आणि वायर हळूच ओढली तर एक अख्खी लगमधून सुटून हातात आली. दुसरीच्या पाच-सहा तारा काय त्या धरून होत्या. बाहेरून बाही काळी कुळकुळीत, लग चकचकीत, बोल्ट घट्ट. याच्या आत हे.

गरम झाल्यावरच का? तांब्याचा रोध तापमानाने वाढतो खरा, पण एका अंशाला साधारण ०.४ टक्के. तीस अंशांवरून नव्वदला गेलं तरी पाव भाग वाढेल, दहापट नाही. इथे दाबलेला लग गरम होऊन किंचित पसरत होता आणि गंजलेल्या तारा सुटत होत्या. थंड झाला की परत आवळत होता. थर्मोस्टॅटच्या शेजारी असल्यामुळे इंजिनचं पाणी तापेल तसा तो तापायचा, आणि एप्रिल-मेमध्ये बॉनेटखालची हवाही त्याला थंड होऊ देत नव्हती. हिवाळ्यात त्रास का नव्हता याचं उत्तर हेच.

पूड कुठून आली? माझा अंदाज पाण्यावर आहे. दाजी गाडी बोअरच्या पाण्याने धुतात, आणि वर्षातून दोन-तीनदा इंजिनवर प्रेशरचा फवारा मारून घेतात. आपल्याकडचं बोअरचं पाणी बादलीला पांढरा थर धरतं, ते सगळ्यांना माहीत आहे. ते पाणी बाहीत शिरलं की बाहेर निघत नाही. इंजिन ओल्या फडक्याने पुसा, फवारा मारू नका, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

दुरुस्ती

गंजलेला भाग कापत मागे गेलो, स्वच्छ लालसर तांबं लागेपर्यंत चार सेंटिमीटर गेले. वायर तोकडी पडली म्हणून २.५ स्क्वेअर एमएमची मऊ तांब्याची वायर जोडली. दोन वायरींना दोन वेगळे कलई केलेले तांब्याचे लग, हाताच्या पकडीने न चेपता क्रिंपिंगच्या साच्याने दाबले. नुसतं डाख देऊन सोडू नका. डाखाच्या कडेला वायर ताठ होते आणि इंजिनच्या थरथरीने बरोबर तिथेच तुटते. वरून गोंदवाली हीट श्रिंक बाही, बोल्टखालची जागा झीरो नंबर पॉलिश पेपरने घासून, बोल्ट आवळल्यावर वरून वॅसलीन. सामानाचा सगळा खर्च दीडशे रुपयांच्या आत.

परत तीच वायर, तोच भाचा, तीच दुपार. घाट चढून तुळजापूर, तिथे एसी लावून वीस मिनिटं उभी, आणि परत. सगळ्या प्रवासात आकडा ०.०३ ते ०.०४. सेल मारताना ०.२.

स्कॅनर असताना मीटर कशाला?

हा प्रश्न दाजींनीच विचारला. (स्कॅनर म्हणजे ईसीएममधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र.) २०१० च्या एप्रिलमध्ये भारत स्टेज-४ (गाडीच्या धुराचा नियम) ज्या तेरा शहरांत आधी लागू झालं, त्यांत दिल्ली-मुंबईबरोबर आपलं सोलापूरही होतं. त्या नियमाबरोबर ओबीडी (गाडीने स्वतःचे दोष नोंदवून ठेवायची सोय) आलं, म्हणून इथे त्यानंतर पासिंग झालेल्या पेट्रोल गाड्यांना स्कॅनर लावता येतो. आमच्या गाडीलाही लावला होता, कोडही निघाले होते. एकदा टीपीएस, एकदा मॅप (इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), एकदा ऑक्सिजन सेन्सर. अडचण अशी, की स्कॅनर ईसीएमला काय दिसतं तेच सांगतो. ईसीएमचा शून्यच वर गेला असेल तर ते त्याला स्वतःला कळत नाही. दर वेळी वेगळ्या सेन्सरचा कोड येत असेल, तर सेन्सर सोडून द्या आणि सगळ्यांना सामायिक काय आहे ते शोधा. अर्थ, मेन रिले, किंवा ५ व्होल्टची लाइन. ही लाइन तर बऱ्याचदा अनेक सेन्सरना मिळून एकच असते आणि तिच्यावरचा एक सेन्सर शॉर्ट झाला, तर बाकीचे चांगले सेन्सरही त्याच्याबरोबर बुडतात. ५ च्या जागी १-२ व्होल्ट दिसले तर एकेक सेन्सरचा कपलर चावी बंद करून काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ परत येतात, तो चोर.

तुमची अर्थ चांगली निघाली तर

तर मग सेन्सरकडे वळा, आणि काळी प्रोब कायम त्या सेन्सरच्या स्वतःच्या अर्थवर ठेवा.

टीपीएस: चावी ऑन, इंजिन बंद. बंद थ्रॉटलला ०.५ च्या आसपास, पूर्ण दाबल्यावर ४.५ पर्यंत. पॅडल अगदी हळू दाबा आणि आकडा सलग चढतोय का बघा. मध्येच एकदम पडला तर आतली पट्टी झिजली आहे. ड्राइव्ह-बाय-वायरच्या (पॅडलपासून थ्रॉटलला केबल नसलेल्या) गाड्यांत दोन सिग्नल असतात, तिथे हे आकडे लागू नाहीत.

मॅप: चावी ऑन, इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब मोजतो, साधारण ४ व्होल्ट. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, म्हणून मुंबईच्या गाडीपेक्षा इथे आकडा किंचित कमी येतो, त्याने घाबरू नका. इंजिन चालू झालं की स्लोला १ ते १.५ पर्यंत उतरायला हवा. उतरला नाही तर सेन्सरआधी व्हॅक्यूमचा पाइप बघा, उन्हाने रबर फाटतं.

कूलंट सेन्सर: थंड असताना ३ च्या आसपास, तापत जाईल तसं खाली, पूर्ण गरम झाल्यावर एकच्या खाली. कपलर काढून सेन्सरचा रोध मोजला तर २० अंशांना २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास. वायर तुटली असेल तर ५ व्होल्ट दिसतात आणि ईसीएमला वाटतं की बाहेर बर्फ पडलाय. मग तो पेट्रोल ओततो. गरम गाडी चालू होत नाही, सायलेन्सरला पेट्रोलचा वास आणि प्लग काळे, असं असेल तर हा सेन्सर पहिला बघा.

ऑक्सिजन सेन्सर: तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय बोलत नाही. तापल्यावर सिग्नल ०.१ आणि ०.९ च्या मध्ये सतत ये-जा करतो. ०.४५ वर अडकून बसला तर बहुधा तो तापलेलाच नाही किंवा त्याची वायर तुटली आहे.

इंजेक्टरच्या बाबतीत मीटर थोडा तोकडा पडतो. ८०० आरपीएमला दोन फेरे व्हायला १५० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात इंजेक्टर दोन-तीन मिलिसेकंदच उघडतो. म्हणजे जेमतेम दोन टक्के वेळ. मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे ईसीएमकडच्या वायरीवर १४.० ऐवजी १३.७ दिसेल, त्यावरून काही ठरवता येत नाही. सप्लायला बॅटरीइतके व्होल्ट आहेत का आणि कपलर काढल्यावर इंजेक्टरचा रोध १२ ते १६ ओहम आहे का, एवढंच मीटरने बघा. पल्स येतोय का, त्यासाठी इंजेक्टरच्या कपलरमध्ये बसणारा छोटा दिवा मिळतो, तो सेल मारताना लुकलुकायला हवा. सीएनजीचा सिक्वेन्शियल किट असेल तर इंजेक्टरच्या वायरी कापून मध्ये इम्युलेटर जोडलेला असतो, ते जोड आधी बघा.

आणि अर्थ ०.०५ असूनही गाडी गरम झाल्यावरच बंद पडत असेल, तर माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर जाईल. बंद पडल्यावर सेल मारताना आरपीएमचा काटा बघा. अजिबात हलत नसेल तर ईसीएमला इंजिन फिरतंय हेच कळत नाहीये. दोन वायरींचा सेन्सर असेल तर मीटर एसी व्होल्टवर करून, सेल मारताना मोजा. थंड आणि गरम, दोन्ही वेळा. थंड असताना अर्धा-पाऊण व्होल्ट येत होता आणि गरम झाल्यावर शून्याकडे गेला, तर आतली कॉइल तापल्यावर तुटते. पंखा आणि बेल्टपासून हात सांभाळून सेन्सरवर ओलं फडकं दोन मिनिटं ठेवा. त्यावर गाडी चालू झाली तर पैसे तिथेच घाला.

पेट्रोल पंपासाठी मागच्या सीटवर कान ठेवा. चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. येत नसेल, तर त्या दोन-तीन सेकंदांतच पंपाच्या कपलरवर, कपलर जोडलेला असताना, दोन वायरींमध्ये व्होल्टेज मोजा. १२ च्या आसपास असेल आणि पंप गप्प असेल तर पंप. ९-१० असेल तर मागे जात रिले, फ्यूज, आणि पंपाची अर्थ.

दाजींची गाडी पावसाळ्यानंतर ऑक्टोबरच्या उन्हात मी परत मोजली. आकडा ०.०४. तो तारखेसह मी बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवलाय, पुढच्या वर्षी मोजताना तुलना करता येईल. दाजींच्या आई त्याच गाडीतून दोनदा तुळजापूरला जाऊन आल्या.